टाकीचं झाकण

मी आजवर पन्नासेक पत्रकं लिहिली असतील. पाण्यावर लिहिलं, भारनियमनावर लिहिलं, रेशनच्या रॉकेलवर लिहिलं, आणि नगरपालिकेच्या गटारांवर तर इतक्यांदा लिहिलं की प्रेसवाला मजकूर न वाचताच मथळा जुळवायला घ्यायचा. लोकांनी त्या कागदांवर भजी खाल्ली, पोरांच्या वह्यांना त्यांची कव्हरं घातली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एक पत्रक मात्र लोकांना तोंडपाठ झालं, आणि नेमकं तेच चुकीचं होतं. त्यात मी एका माणसाला चोर म्हटलं होतं. तो चोर नव्हता.

गोष्ट दोन हजार सात सालची. बाबांनी कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. तीस वर्षं स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजून देणारा माणूस घरी बसून करणार काय, म्हणून त्यांनी एक जुनी पेट्रोलवरची व्हॅन घेतली. अंबरनाथ पूर्वेला आमच्या वस्तीतली अकरा मुलं सकाळी शाळेत सोडायची, दुपारी परत आणायची. बाबांचा एकच नियम होता: गाडीला काही चिकटवायचं नाही. "मुलं सगळ्या पक्षांच्या घरची आहेत," ते म्हणायचे. मला हा नियम अत्यंत भेकड वाटायचा. एवढी फिरती जागा, दिवसातून दोनदा सगळ्या वस्तीतून जाणारी, आणि तिच्यावर एक अक्षर नाही.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडल्या आणि आठवड्याभरात व्हॅनने नवीन खोड काढली. चावी फिरवली की पहिल्या झटक्यात चालू. आवाज साफ, धूर नाही. दोन-अडीच किलोमीटर जायची आणि मग आचके देत बंद. पुन्हा चावी फिरवली तर नुसता स्टार्टर ओरडायचा. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही अशी चालू. पुन्हा दोन-अडीच किलोमीटर. पुन्हा बंद.

आमच्या भागात गाडीचं बॉनेट उघडलं की भोवती जमणारी गर्दी पाहावी. ज्यांनी आयुष्यात सायकलची चेन चढवली नाही ते मान आत घालून उभे राहतात, एखादी वायर दोन बोटांनी हलवतात आणि हात पँटला पुसत निकाल देतात. आमच्या खाली राहणारे एक निवृत्त कारकून होते. त्यांचा निकाल तयारच असायचा: सव्वीस जुलैचं पाणी. दोन हजार पाचच्या पुरात बदलापूर बुडालं, तेव्हापासून आमच्याकडे जे काही बिघडेल ते सव्वीस जुलैने बिघडत होतं. फ्रिज, दमा, पोरांचे दहावीचे मार्क. बाबांनी त्यांना सांगितलं की ही गाडी पुरानंतर वर्षाने नाशिकहून आणली, तिने उल्हास नदी तेव्हा पाहिलीही नव्हती. कारकुनांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, पाणी आत बसून राहतं.

दुसरा एक बाइकवाला पोरगा. "काका, कार्ब्युरेटर में कचरा है, सौ टका," असं म्हणून तो गेला तो गेलाच. आमच्या बुद्धविहाराच्या कमिटीतले एकजण म्हणाले, विकून टाका. आणखी एकाने पंपावरच्या भेसळीचा विषय काढला, तो मला आवडला, कारण भेसळीवर माझं एक पत्रक आधीच तयार होतं. कोणालाही ठाऊक काही नव्हतं, पण गप्प कोणी बसत नव्हतं. "मला कळत नाही" हे तीन शब्द कल्याणच्या पुढे कोणी उच्चारल्याचं मी ऐकलेलं नाही.

बाबांनी गाडी मिस्त्रीकडे नेली.

मिस्त्री मूळचा बदलापूरजवळच्या चामटोली गावचा. उल्हासनगरात, कॅम्प नंबर चारच्या टोकाला, पिंपळाखाली त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. पन्नाशीचा, बुटका, कमी बोलणारा. आसपास सगळी सिंधी दुकानं, सुट्या भागांची, टायरची, आरशांची, त्यामुळे त्याच्या मराठीत अधूनमधून एखादं "साईं" यायचं, पण मूळ गावाकडची बोली काही सुटली नव्हती.

त्याची एक पद्धत होती. गाडी गॅरेजात आली की बॉनेट उघडायच्या आधी तो पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढायचा. मालकाला शेजारी उभं करायचा. मग स्पीडोमीटरची एक जुनी तार टाकीत सोडायचा, बाहेर काढून किती ओली झाली ते मालकाला दाखवायचा आणि तारेवर खडूने खूण करायचा. टाकीच्या तोंडात स्वच्छ फडकं खोचायचा आणि झाकण भिंतीवरच्या खिळ्याला लटकवायचा. गाडी परत देताना पुन्हा तार, पुन्हा मालकाचे डोळे, आणि मगच झाकण. पूर्वी कधीतरी कोणीतरी त्याच्यावर पेट्रोल काढल्याचा आळ घेतला होता, तेव्हापासून तो हे करत होता. त्या भिंतीवर कायम पाच-सात झाकणं लटकलेली दिसायची. मला तो प्रकार पहिल्या दिवसापासून संशयास्पद वाटला. इतका प्रामाणिकपणा दाखवायची गरज कोणाला पडते?

पहिल्या खेपेला त्याने प्लग बदलले आणि कार्ब्युरेटर साफ केला. गॅरेजात अर्धा तास इंजिन चालू ठेवलं. एकदाही बंद पडलं नाही. बाबा गाडी घेऊन निघाले आणि अंबरनाथची हद्द लागायच्या आत रस्त्याच्या कडेला उभे.

दुसऱ्या खेपेला कॉइल बदलली. गॅरेजात पाऊण तास चालली. घरी येताना बंद.

तिसऱ्या खेपेला पेट्रोलचा पंप आणि फिल्टर. या वेळी मिस्त्री स्वतः चालवायला बसला, कल्याण-बदलापूर रस्त्याने बरीच लांब फेरी मारून आला. मी मागे बसलो होतो, त्याला रंगेहाथ पकडायच्या तयारीने. गाडी एकदा शिंकलीसुद्धा नाही. गॅरेजात आल्यावर त्याने तार दाखवली, झाकण लावलं, गाडी घरी येताना बंद पडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा मुलांसकट रेल्वेच्या पुलाच्या चढावर.

मिस्त्री बाबांना म्हणाला होता, "तुमची गाडी माज्या दारात शानी अन् तुमच्या दारात खुळी. मला नाय समजत." तेव्हा मला हे वाक्य म्हणजे निव्वळ निर्लज्जपणा वाटला. एक माणूस प्रथमच "मला समजत नाही" म्हणाला होता, आणि मी नेमकं त्याच्यावरच तोंडसुख घ्यायचं ठरवलं.

पुलावर बाबांनी मुलांना कठड्याच्या कडेने उभं केलं, मागून हॉर्न चालू, रिक्षावाले खिडकीतून डोकं काढून सल्ले देत होते. दोन मोठी मुलं धक्का मारायला गेली. हे त्यांतल्या एकीच्या वडिलांनी पाहिलं. संध्याकाळी ते घरी आले आणि चहा घेऊन बाबांना म्हणाले की मुलगी शाळेत शिकायला पाठवतो, गाडी ढकलायला नाही. बाबांनी मान खाली घातली. स्टोअरमधल्या तीस वर्षांत त्यांना कोणी असं बोललं नव्हतं. मी आतल्या खोलीत पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसून ऐकत होतो.

ज्या संघटनेसाठी मी पत्रकं लिहायचो तिथे मला जे शिकवलं होतं ते थोडक्यात असं: बिघाडाला कारण नसतं, गुन्हेगार असतो. पाणी येत नाही, कोणीतरी चोरतंय. वीज जाते, कोणीतरी विकतंय. शंभरातल्या नव्वद वेळा हे खरं असतं, म्हणूनच उरलेल्या दहा वेळा माणूस मूर्ख ठरतो. गाडी तीनदा गॅरेजात गेली, तीनदा पार्ट बदलले, तीनदा बंद पडली. गुन्हेगार शोधायला मला वेळ लागला नाही.

तरी मी पुरावा गोळा केला, म्हणजे तसं मी तेव्हा म्हणायचो. मिस्त्री ज्या दुकानातून माल आणायचा तिथे गेलो. दुकानदार सिंधी म्हातारा, चष्मा कपाळावर. मी विचारलं, तुमच्याकडे डुप्लिकेट माल मिळतो का?

"कंपनी बी आहे, लोकल बी आहे, साईं," तो म्हणाला. "तुला काय पायजे ते बोल."

मी वहीत लिहून घेतलं: लोकल मिळतो. मी निघालो तेव्हा तो मागून बोलतच होता, की तो पिंपळाखालचा मिस्त्री फार त्रास देतो, लोकल दिला तर तोंडावर फेकतो, डबा फोडून बघतो, शिक्का बघतो. हे मी लिहून घेतलं नाही. हे मला ऐकू आलं होतं. नीट ऐकू आलं होतं.

पत्रक एका रात्रीत झालं. मथळा होता, "वाहनमालकांनो, सावधान! गाडी बंद, मिस्त्री धुंद!" खाली तीन परिच्छेद. एकच बिघाड तीनदा कसा येतो? डुप्लिकेट माल कुठून येतो? आणि शेवटचा, जो मला लिहिताना फार आवडला होता: "गाडी हातात येताच हा मिस्त्री पहिलं काम काय करतो? टाकीचं झाकण काढतो! कशासाठी? विचार करा." या "विचार करा"मध्ये सगळी लबाडी आहे. त्याचा अर्थ, मी विचार केलेला नाही, आता तुम्हीही करू नका. नाव घातलं नाही, कारण कोर्टाची भीती होती. "कॅम्प चारच्या टोकाला, पिंपळाखालचं गॅरेज" एवढंच. आणि खाली सही: एक पीडित वाहनमालक. वाहनाचे मालक बाबा होते. त्यांना मी विचारलं नव्हतं.

हजार प्रती. रिक्षा स्टँड, पानपट्ट्या, आमची वस्ती, पालेगावातल्या नव्या इमारती, बदलापुरात स्टेशनबाहेर. गटाराचं पत्रक हातात घेताना लोक तोंड वाकडं करायचे. हे मागून घ्यायचे. एकजण वाचता वाचता थांबून म्हणाला, "बराबर लिहिलंय, मला पण डाउट होता." तो कधी त्या गॅरेजात गेला होता का, हे मी विचारलं नाही. दोन दिवसांत स्टँडवर पोरं "गाडी बंद, मिस्त्री धुंद" ओरडायला लागली. मला धन्य वाटलं. चळवळीत इतका प्रतिसाद मिळाला असता तर भारनियमन केव्हाच संपलं असतं.

बाबांच्या हातात ते पत्रक पानवाल्याने दिलं. घरी येऊन त्यांनी ते टेबलावर ठेवलं, चष्मा काढला आणि एवढंच म्हणाले, "पीडित मी आहे ना? मग मला का नाही माहीत?" त्यानंतर आठ दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले. लाजेने ते मिस्त्रीकडे जाईनात. गाडी अंबरनाथमधल्याच दुसऱ्या एका गॅरेजात नेली. तिथल्या माणसाने पंप पुन्हा बदलला. मिस्त्रीने घातलेला नवा पंप त्याने काढून ठेवून घेतला, आणि गाडी दुसऱ्या दिवशी बंद पडली. त्याच्यावर मी पत्रक काढलं नाही. तो झाकण काढत नव्हता.

मिस्त्रीच्या गॅरेजासमोर एरवी तीन-चार रिक्षा उभ्या असायच्या. मी एका दुपारी तिकडून मुद्दाम गेलो. एकही नव्हती. शटरवर कोणीतरी विटेच्या तुकड्याने "धुंद" लिहिलं होतं. मिस्त्री आत स्टुलावर बसून पाने-पक्कड पुसत होता. भिंतीवर एकच झाकण. मी समोरच्या बाजूने निघून गेलो.

मग तो वांगणीचा रविवार. मावशीने वांगणीला नव्या इमारतीत खोली घेतली होती आणि तिथे गृहप्रवेशाला भंतेजींचा परित्राणपाठ ठेवला होता. जेवणाची जबाबदारी आईने घेतलेली. व्हॅनच्या मागच्या सीटवर आई, तिच्या पायाशी तांदूळ, भांडी आणि तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा. बाबा गाडी चालवत होते, मी शेजारी. बदलापूर येईपर्यंत गाडी तीनदा बंद पडली. दर वेळी पंधरा मिनिटं थांबलो, निघालो. बदलापूर ओलांडून थोडं पुढे गेलो आणि पुन्हा बंद. दोन्ही बाजूंना मोकळी शेतं आणि "वन बीएचके फक्त" असे बोर्ड.

मी म्हणालो, पेट्रोल संपलं असेल, त्या मिस्त्रीने काढलं असेल. गाडी त्याच्याकडे जाऊन तीन आठवडे झाले होते आणि रोज सकाळी बाबा पेट्रोल भरत होते, पण एकदा वाक्य तयार झालं की ते कुठेही बसतं. गाडीचा पेट्रोलचा काटा मेलेलाच होता, म्हणून बाबा उतरून मागे गेले आणि त्यांनी टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स असा लांब आवाज आला, जोरात हवा आत ओढल्यासारखा.

आईने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काय केलंत?"

"झाकण उघडलं."

"परत लावा आणि उघडा."

बाबांनी लावलं आणि उघडलं. या वेळी आवाज नाही. गाडी लगेच चालू झाली, पंधरा मिनिटं थांबावं लागलं नाही. पुढे तेवढंच अंतर गेलो आणि बंद. आई स्वतः उतरली. पदर खोचून टाकीपाशी वाकली आणि बाबांना म्हणाली, आता उघडा. फुस्स.

"हा तर तेलाच्या डब्याचा आवाज," ती म्हणाली. "डब्याला एकच भोक पाडलं की तेल येतं, येतं आणि थांबतं. हवा जायला वर दुसरं भोक लागतं. ह्या टाकीला दुसरं भोक कुठंय?"

महिनाभर दोन मिस्त्री, कारकून, कमिटी, बाइकवाला, सगळे इंजिनात डोकं घालून उभे होते. टाकीला श्वास लागतो हे कोणाला सुचलं नव्हतं. पंपावरचा पोरगा तर हा आवाज रोज सकाळी ऐकत होता. नंतर बाबांनी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, हो, येत होता ना, मला वाटलं झाकण फिट बसतं म्हणून. पेट्रोल भरणाऱ्याला कोणी काही विचारत नाही आणि तो सांगत नाही.

आईने झाकण हातात घेतलं. स्टीलचं, गोल, तळहाताएवढं. त्याच्यावर एक गोल स्टिकर होता. बरोब्बर झाकणाच्या मापाचा, काठाला काठ. पिवळ्यावर लाल अक्षरं: भारनियमन बंद करा.

तो मी लावला होता. दिवाळीच्या सुट्टीत, बाबा दुपारी झोपले असताना. गाडीला काही चिकटवायचं नाही, मग झाकण म्हणजे गाडी थोडीच? स्टिकर इतका नेमका बसला की मी अंगठ्याच्या नखाने कडा दाबून दाबून पक्क्या केल्या, आत हवेचा बुडबुडासुद्धा राहू दिला नाही. आमचं शिक्षण तेच होतं: स्टिकर असा लावा की विरोधकाला खरवडून काढता येऊ नये. बाबांनी तो पाहिला होता आणि माझ्याशी वाद नको म्हणून सोडून दिला होता.

मी नखाने खरवडायला लागलो. निघेना. आईने डोक्यातली पिन दिली. "भारनियमन" गेलं, "बंद" गेलं, आणि मधोमध मोहरीच्या दाण्याएवढं भोक दिसलं.

बाबांनी झाकण माझ्या हातून घेतलं, भोकाला ओठ लावून फुंकर मारली आणि पलीकडे हात धरून पाहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तो झाकण काढून ठेवायचा. म्हणून त्याच्याकडे गाडी चालायची."

वांगणीपर्यंत गाडी एकदाही थांबली नाही. परित्राणपाठात मी मागच्या भिंतीला टेकून बसलो होतो. भंतेजी पाली म्हणत होते. मी मनात हजार प्रती मोजत होतो.

दुसऱ्या दिवशी मी आणि बाबा गॅरेजात गेलो. बाबा बोलणार होते, मी त्यांना थांबवलं. मी मिस्त्रीला झाकण दाखवलं, स्टिकरचे उरलेले तुकडे दाखवले, आणि पत्रक मी लिहिलं हेही सांगितलं. त्याला ते माहीत होतं. कॅम्प चारमध्ये सगळ्यांना माहीत होतं, फक्त मला वाटत होतं की सहीमुळे मी लपलोय.

त्याने झाकण उजेडाकडे धरून भोकातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याला माझ्यापेक्षा त्या बिघाडात जास्त रस होता, हे मला तेव्हा फार लागलं.

"झाकान काडून ठेवतो म्हनून तू मला चोर केलास," तो म्हणाला. "काडलं नसतं, तं दुसऱ्याच दिशी गावलं असतं मला."

मी म्हणालो की मी माफीचं पत्रक काढतो. हजार नाही, दोन हजार प्रती. मोठ्या अक्षरात. नावानिशी.

"कागद नको," तो म्हणाला. "कागदानं काय व्हतं ते बघितलं मी. ज्या ज्या दारात गेलास त्या दारात जा, अन् तोंडानं सांग. कोन काय बोललं ते मला येऊन सांगायचं."

बाबा म्हणाले, "जाईल." माझ्या वतीने पहिल्यांदाच कोणीतरी न विचारता सही केली होती.

मी गेलो. महिनाभर संध्याकाळी संघटनेचं काम सोडून हेच केलं. लोकांबद्दल माझं जे मत आहे ते त्या महिन्यात पक्कं झालं. पत्रक घेताना ज्यांनी हात पुढे केले होते त्यांना आता वेळ नव्हता. पानवाला म्हणाला, हो का, बरं, सुट्टे आहेत का. पालेगावातल्या एका इमारतीत एका बाईने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं की मग ते गटाराचं पण खोटं होतं का. ज्या मुलीच्या वडिलांनी बाबांना ऐकवलं होतं ते म्हणाले, पण आग असल्याशिवाय धूर निघत नाही. मी म्हणालो, आग मी लावली होती. ते म्हणाले, तसं नव्हे, जनरल बोलतोय. खालचे कारकून म्हणाले, झाकणाचं असेलही, पण सव्वीस जुलै आपल्या जागी आहेच. एका माणसाने तर शपथेवर सांगितलं की त्याच्या स्कूटरमधून त्या मिस्त्रीने पेट्रोल काढलं होतं. केव्हा, मी विचारलं. त्याने सांगितलेला महिना पत्रकाच्या नंतरचा होता, आणि त्या महिन्यात गॅरेजात कोणी जातच नव्हतं. खोटं ऐकायला यांना फुरसत असते. खरं सांगायला गेलं तर यांच्या कुकरची शिट्टी होते.

रोज रात्री दुकान बंद व्हायच्या आधी मी मिस्त्रीला जाऊन सांगायचो. तो पाने पुसत ऐकायचा. कारकुनांचं सांगितलं तेव्हा एकदाच हसला.

बाबांची गाडी पुन्हा त्याच्याकडे जायला लागली. विहारातल्या दोघातिघांच्या जायला लागल्या. रिक्षावाले मात्र आले नाहीत, आणि खरं गिऱ्हाईक तेच होतं. शटरवरचं "धुंद" त्याने स्वतः पुसलं, मी पुसायला गेलो तर नको म्हणाला.

दोन वर्षांनी, दोन हजार नऊमध्ये, मी अंबरनाथ स्टेशनवरून पालेगावला शेअर रिक्षाने चाललो होतो. रिक्षा मध्येच आचके द्यायला लागली. शेजारी बसलेल्या माणसाने ड्रायव्हरला सुचवलं की कॅम्प चारला पिंपळाखाली एक जुना मिस्त्री आहे, हात चांगला आहे म्हणतात, त्याला दाखव.

"तो?" ड्रायव्हर म्हणाला. "छोड दो. गाडी बंद, मिस्त्री धुंद. पेट्रोल काढतो साला. पेपरात आलं होतं."

पेपरात. माझं पत्रक आता पेपर झालं होतं. मी त्याला सांगितलं की ते पेपरात नव्हतं, पत्रक होतं, ते मी लिहिलं होतं आणि ते खोटं होतं. झाकणाची सगळी गोष्ट सांगितली, स्टिकरसकट. त्याने आरशातून माझ्याकडे नीट पाहिलं.

"किती दिले त्याने तुम्हाला?" तो म्हणाला. शेजारचा माणूस हसला आणि त्यानेही मान डोलावली, थोड्या कौतुकानेच.

त्या संध्याकाळी मी गॅरेजात गेलो. मिस्त्री एका गिऱ्हाइकाच्या टाकीत तार सोडून खडूने खूण करत होता. त्याने ती पद्धत सोडली नव्हती, फक्त आता झाकण काढलं की आधी भोकातून फुंकर मारून पाहायचा. गिऱ्हाईक गेल्यावर मी ड्रायव्हर काय म्हणाला ते जसंच्या तसं सांगितलं.

त्याने झाकण खिळ्याला लटकवलं. "तू काय बोललास मग?"

"पालेगाव येईपर्यंत बोलत होतो."

"पटलं त्याला?"

"नाही."

त्याने फडकं टाकीच्या तोंडात खोचलं आणि हात पुसले.

"कोनत्या स्टँडचा हाय तो?" त्याने विचारलं. मी सांगितलं.

"उद्या जा परत," तो म्हणाला.